गुरांच्या वैद्यशाळेचे दार

माणसांच्या डॉक्टरकीचे शिक्षण कोणाला द्यावे, या प्रश्नावर आपल्याकडे दरवर्षी मोठा वाद माजतो. निकाल लागतात, गुणांच्या याद्या झळकतात आणि घरोघरी त्यांची चर्चा होते. परंतु गुरांच्या डॉक्टरकीचे शिक्षण कोणाला द्यावे, या प्रश्नाकडे शहरातील सुशिक्षितांचे लक्ष क्वचितच जाते. सकाळी दारात आलेले दूध आपण निश्चिंतपणे चुलीवर ठेवतो; ते देणारी म्हैस रात्री आजारी पडली असता तिच्यापाशी कोण उभे राहिले असेल, हा विचार आपल्या मनास शिवत नाही. वस्तुतः तो माणूस कोण असावा, हे कितीतरी वर्षे आधी एखाद्या प्रवेशाच्या नियमाने ठरून गेलेले असते. त्या नियमांचा इतिहास नागपूरच्या अनुरोधाने आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आमच्या नागपूर-वऱ्हाडात गुरांना ‘ढोरे’ म्हणतात आणि त्यांच्या वैद्याला ‘ढोरांचा डॉक्टर’. या शब्दात अवहेलना नाही. परंतु फारसा मानही नाही. ढोरांचा डॉक्टर येण्यापूर्वी या प्रांतात घोड्यांची परीक्षा जाणणारे सालोत्री होते, नालबंद होते, आणि गवळाऊ जातीची पांढरी, चपळ गुरे पिढ्यान्‌पिढ्या राखणारे गवळी व गोवारी होते. ‘सालोत्री’ हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आलेला आहे. या विद्येच्या शाळेला भिंती नव्हत्या, तसे प्रवेशाचे अर्जही नव्हते. बापाच्या मागे मुलगा गोठ्यात जाई, अडलेले वासरू कसे सोडवावे हे डोळ्यांनी पाही आणि हातांनी शिके. जन्म आणि चिकाटी एवढीच काय ती त्या शाळेची अट. तिच्यात हाताचे ज्ञान विपुल होते. परंतु एकाएकी गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या बुळकांडीपुढे हे हात थिटे पडत. डाग देण्यापलीकडे पुष्कळांपाशी उपाय नसे.

ही बुळकांडीच आधुनिक पशुवैद्यकाच्या शाळांची खरी संस्थापक होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अठराव्या शतकात तिने युरोपातील गुरांचा संहार मांडला, तेव्हा फ्रान्समधील लियाँ शहरी क्लोद बुर्जेला या गृहस्थाने राजाची अनुज्ञा मिळवून पशुवैद्यकाची जगातील पहिली शाळा काढली. १७६१ साली अनुज्ञा मिळाली आणि १७६२ साली वर्ग सुरू झाले. बुर्जेला स्वतः घोडेस्वारीच्या विद्यालयाचा प्रमुख होता. त्याच्याकडे येणाऱ्यांत नालबंदीचे काम करणारे तरुण पुष्कळ असत. शाळा सुरू होऊन फार काळ लोटला नाही तोच त्यांतील काहींना साथीच्या गावी धाडण्यात आले. म्हणजे हाताने काम करणाऱ्याला पुस्तक द्यावयाचे, अशी त्या पहिल्या शाळेची वाट होती. लंडनची शाळा १७९१ साली निघाली.

हिंदुस्थानात हे शिक्षण प्रथम लष्कराच्या घोड्यांमागून आले. १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. शेतकऱ्याच्या बैलाची पाळी त्यानंतर आली. गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८७१ साली अहवाल दिला, आणि गुरांसाठी शिकलेली माणसे हवीत ही गोष्ट सरकारदरबारी मान्य होऊ लागली. १८८२ साली लाहोरचे व १८८६ साली मुंबईचे महाविद्यालय निघाले. मुंबईचे महाविद्यालय परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने उभारलेल्या जनावरांच्या रुग्णालयाशी जोडलेले होते आणि त्याचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे होते. पुढे १८९३ साली कलकत्त्याचे व १९०३ साली मद्रासचे महाविद्यालय आले. या ठिकाणी एक लक्षणीय भेद दिसतो. लाहोरास प्रारंभी शिक्षण उर्दूतून होई. मुंबईस ते इंग्रजीतून. म्हणजे परळच्या दारावर कोणतीही पाटी न लावताही एक अट आपोआप लिहिली गेली होती: ज्याला इंग्रजी येत नाही त्याने आत येऊ नये. गोठ्यात वाढलेला मुलगा बाहेर राहिला आणि इंग्रजी शाळेत वाढलेला आत गेला. हा अदलाबदल कोणी हेतुतः केला असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले.

आता नागपूरकडे वळू. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी. येथे १९०६ साली शेतकी कॉलेज निघाले आणि १९२३ साली विद्यापीठ स्थापन झाले. नांगर कसा धरावा हे शास्त्रोक्त शिकण्याची सोय झाली. परंतु नांगराला जुंपलेल्या बैलाचे वैद्यक शिकण्याची सोय मात्र राजधानीत झाली नाही. ज्याला ती विद्या हवी त्याला प्रांत सोडून जाणे भाग होते. आगगाडीने सुमारे ८४० किलोमीटर दूर असलेल्या मुंबईस राहण्याचा खर्च ज्या घरास झेपेल त्याच घरातील मुलाने हे स्वप्न पाहावे, ही आणखी एक अलिखित अट. १९४८ साली प्रांताला स्वतःचे पशुवैद्यक महाविद्यालय मिळाले. पण ते जबलपुरास. आठच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. जे दार नुकते उघडले होते ते सीमेपलीकडे गेले.

ही उणीव १९५८ साली नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले तेव्हा भरून निघाली. पुढे १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे महाविद्यालय त्याच्याशी जोडले गेले. त्यानंतर २००० सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरातच स्थापन झाले. ज्या शहरात पूर्वी एकही वर्ग नव्हता, तेथूनच आज परळ, परभणी, उदगीर व शिरवळ येथील महाविद्यालयांचाही कारभार चालतो. दैवाचा हा फेरा नागपूरकरांना सुखावणारा आहे, यात संशय नाही.

दार जवळ आले, तसा त्याचा उंबरठा मात्र उंच होत गेला. डिप्लोमाच्या जागी विद्यापीठाची पदवी आली आणि पदवीबरोबर शास्त्रशाखेच्या शिक्षणाची अट आली. १९८४ साली संसदेने भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा केला. पुढे महाराष्ट्रानेही तो स्वीकारला. या परिषदेच्या नियमांप्रमाणे उमेदवाराने बारावीच्या परीक्षेत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेले असावेत, त्यांत एकंदर निदान ५० टक्के गुण मिळविलेले असावेत (राखीव वर्गांना यात सवलत आहे), आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्याला सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत. याखेरीज माणसांच्या डॉक्टरकीसाठी जी ७२० गुणांची ‘नीट’ परीक्षा घेतली जाते, तिचेच गुण येथेही पाहिले जातात. प्रत्येक महाविद्यालयातील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळू लागली, ही समाधानाची गोष्ट, परंतु दारातून आत गेल्यावर वर्गात पुन्हा इंग्रजीच भेटते. परळचा तो जुना अलिखित नियम अद्याप पुरता पुसला गेलेला नाही.

अटी केवळ विद्येच्याच असतात असे नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅलीन कस्ट या बाईंनी एडिंबरोच्या महाविद्यालयातील शिक्षण १९०० साली पुरे केले. त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून त्यांना व्यवसायाची अधिकृत मान्यता नाकारण्यात आली, आणि ती मिळावयास १९२२ साल उजाडावे लागले. मधल्या काळातली बरीच वर्षे त्या आयर्लंडात गुरे-घोडी तपासतच होत्या. जनावरांनी त्यांच्याजवळ प्रमाणपत्र मागितले नाही. आज आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. जी अट एका पिढीला निसर्गनियमासारखी वाटते, ती पुढच्या पिढीला केवळ अडाणीपणा वाटते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या मोठ्या दाराशेजारी एक लहान दारही आहे. ज्याला पदवीच्या वर्गापर्यंत पोचता येत नाही, त्याच्यासाठी पशुधन व दुग्धव्यवसायाचा पदविका-अभ्यासक्रम असतो. तो पुरा करणाऱ्यांतून खेड्यापाड्यांतले पशुधन पर्यवेक्षक तयार होतात. १९८४ च्या कायद्याने त्यांच्या कामाची हद्द आखून दिली आहे. लस टोचणे, खच्चीकरण करणे, जखमा बांधणे अशी प्राथमिक कामे त्यांनी नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली करावीत, असा त्याचा आशय आहे. नियम योग्य आहे. कारण अर्धवट ज्ञानाने दिलेले औषध रोगापेक्षा घातक ठरते आणि त्याचा अंश दुधावाटे आपल्याच घरी येतो. तथापि ज्या गावी पशुवैद्य वेळेवर पोचत नाही, तेथे मध्यरात्री शेतकरी या लहान दाराने आलेल्या माणसालाच हाक मारतो. त्या घटकेस तो माणूस कायद्याकडे पाहील की तडफडणाऱ्या गाईकडे, हा प्रश्न शहरात बसून सोडविण्याइतका सोपा नाही.

आणि बुळकांडीचा शेवट कसा झाला, तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९५४ साली देशभर तिच्या उच्चाटनाची मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात ती दिसली नाही, आणि २०११ साली साऱ्या जगातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून समूळ घालविलेला जनावरांचा हा पहिलाच रोग. लस प्रयोगशाळेतल्या विद्वानांनी सिद्ध केली हे खरे. परंतु गावोगाव हिंडून ती गुरांना टोचणाऱ्यांत लहान दाराने आलेली माणसे असंख्य होती. हा विजय दोन्ही दारांचा आहे.

तात्पर्य, प्रवेशाचा उंबरठा खाली आणावा असे मी म्हणत नाही. रोगजंतूंना परीक्षेतील सवलती ठाऊक नसतात. माझे म्हणणे एवढेच, की आजची परीक्षा उमेदवाराला रसायनातील समीकरणे विचारते. अंधाऱ्या गोठ्यात, पावसात, कोपरापर्यंत हात घालून अडलेले वासरू सोडविण्याची त्याची तयारी आहे काय, हे ती विचारीत नाही. माणसांच्या डॉक्टरकीची जागा हुकली म्हणून नाइलाजाने आलेला विद्यार्थी आणि गुरांच्या ओढीने आलेला विद्यार्थी तिच्या यादीत शेजारी शेजारी उभे राहतात, आणि ती त्यांना ओळखू शकत नाही. बुर्जेलाने हात असलेल्यांना पुस्तक दिले. आपण पुस्तक असलेल्यांना शेवटच्या वर्षी हात देऊ पाहतो. यावर माझ्या अल्पमतीप्रमाणे उपाय दोन. पहिल्याच वर्षापासून विद्यार्थ्याचे पाय गोठ्यात पडावेत. आणि लहान दाराने येऊन वर्षानुवर्षे गुरांत राबलेल्या होतकरू माणसाला मोठ्या दारापर्यंत नेणारा जिना प्रशस्त असावा.

जनावराला वाचा नाही. आपला वैद्य कोणी व्हावे, हे त्याला सांगता येत नाही. ते त्याच्या वतीने आपण ठरवीत असतो. म्हणूनच ते अधिक विचाराने ठरविले पाहिजे.