ग्रीनलंडची बावीस लेकरे

आमच्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी तुम्हीही काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला दोनदा सांगितले. मी काही लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पाककृती लिहावी असे आधी मनात होते. पण गेल्या पावसाळ्यात एक बोलपट पाहिला आणि त्यातली हकीकत मनातून जाईना. तेव्हा तीच लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

माझ्या धाकट्या जावेची मुलगी कॉलेजात शिकते. तिने तिच्या संगणकावर हा बोलपट मला दाखवला. त्याचे नाव 'एक्सपेरिमेंटेट', म्हणजे प्रयोग. लुइसे फ्रिडबर्ग या बाईंनी तो दिग्दर्शित केला आणि २०१० साली तो डेन्मार्कमध्ये निघाला. भाषा त्यांची, खाली अक्षरे इंग्रजी. मुलगी ती वाचून मला मराठीत सांगे. एका बालकाश्रमाची मुख्य परिचारिका आणि तिच्या ताब्यातली मुले यांची ही कथा आहे. कथेला रंग दिलेला असला तरी तिच्या मुळाशी घडलेली गोष्ट खरी आहे. मी ती पुढे विचारून आणि वाचवून घेतली, ती अशी.

ग्रीनलंड म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचे बर्फाचे प्रचंड बेट. आम्ही शाळेत तिथल्या लोकांना एस्किमो म्हणून शिकलो. ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात आणि जुने नाव त्यांना आवडत नाही. सील प्राण्यांची शिकार, कातड्याच्या होड्या आणि थंडी यांच्याशी झुंजत ते पिढ्यान् पिढ्या तिथे राहिले. १७२१ साली डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने हान्स एगेडे नावाचे पाद्री तिथे गेले, आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे ते बेट डेन्मार्कची वसाहत होते.

डेन्मार्क हा देश आपल्याला अगदीच परका नाही. बंगालमधले श्रीरामपूर एके काळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. इंग्रज कंपनी मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देत नव्हती, तेव्हा विल्यम केरी त्या गावी राहिले, आणि १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण तिथेच छापले गेले. ज्यांच्या निशाणाखाली आपल्या भाषेचे व्याकरण छापून निघाले, त्यांच्याच राज्यात दीडशे वर्षांनी लहान मुलांच्या तोंडची भाषा काढून घेतली गेली, याचे मला फार नवल वाटले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीनलंड सुधारायचे असे डेन्मार्कच्या सरकारने ठरवले. तिथे दारिद्र्य होते आणि क्षयाने माणसे फार मरत. घरे, दवाखाने, शाळा हव्या होत्या, हे खरेच होते. पण सुधारणा म्हणजे ग्रीनलंडच्या माणसाने डेन्मार्कच्या माणसासारखे व्हायचे, असा अर्थ साहेबांनी धरला. मग अशी कल्पना निघाली की, काही हुशार मुले लहानपणीच डेन्मार्कला आणावी, तिथल्या घरांत वाढवावी आणि मग परत पाठवावी. ती बाकीच्यांना कित्ता होतील. मुलांचे कल्याण करणारी 'रेड बार्नेट' ही संस्था या कामात सरकारच्या जोडीला होती. पाद्री आणि शाळामास्तर यांना मुले निवडायला सांगितले. मुले अनाथ असावीत असे ठरले होते. तेवढी अनाथ मुले मिळेनात, तेव्हा आई असलेली, बाप असलेली मुलेही घेतली.

१९५१ सालच्या मे महिन्यात 'डिस्को' नावाच्या बोटीतून बावीस मुले निघाली. बहुतेक पाच ते आठ-नऊ वर्षांची.

त्यांतल्या एका मुलीचे नाव हेलेने थीसन. तिने मोठेपणी आपली कहाणी जगाला सांगितली, म्हणून आपल्याला ती कळते. तेव्हा ती सात वर्षांची होती. बाप क्षयाने गेलेला, आई विधवा, पदरात तीन लहान मुले. दोन गोरे साहेब घरी आले आणि मुलीला द्या म्हणाले. आईने नाही म्हटले. ते पुन्हा आले. आईने पुन्हा नाही म्हटले. तरी ते येतच राहिले. चांगले शिक्षण मिळेल, नवी भाषा येईल, आणि सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे, असे त्यांनी सांगितले. शेवटी आई हो म्हणाली. बोटीवरून आईकडे पाहताना मुलीला हात हलवताही आला नाही. आई मला का जाऊ देते आहे, एवढाच प्रश्न तिच्या मनात होता.

डेन्मार्कला पोचल्यावर मुलांना आधी एका शिबिरात वेगळे ठेवले, कारण ती काही रोग आणतील अशी भीती होती. तिथे राणी इन्ग्रिड त्यांना भेटायला आल्या. मुलांबरोबर छायाचित्र निघाले, सगळीकडे कौतुक झाले. त्या छायाचित्रात आमच्यापैकी एकही हसत नव्हते, असे हेलेनेबाईंनी पुढे सांगितले. नंतर मुले निरनिराळ्या घरी वाटली गेली. सहा महिन्यांचे वर्ष झाले, वर्षाहून अधिक झाले. लहान मुलांची जीभ ती. नवी भाषा आली आणि जुनी गेली.

१९५२ साली सोळा मुले परत आली. सहा मुलांना डेन्मार्कमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतले, ती आली नाहीत. हेलेने बोटीतून उतरली ती धावत आईकडे गेली आणि सगळे भडाभडा सांगू लागली. आई काही बोलली. मुलीला एक शब्द कळेना. आईलाही मुलीचे काही कळेना. धक्क्यावर मायलेकी एकमेकींना मिठी मारून उभ्या, आणि मध्ये बोलायला भाषा नाही!

इथे मी जावेच्या मुलीला थांबायला सांगितले आणि उठून पाणी पिऊन आले.

तिथूनच मुलांना गाडीत घालून नव्या बालकाश्रमात नेले. आश्रम राजधानीच्या गावात, म्हणजे आजच्या नूकमध्येच होता. आईचे घरही त्याच गावात. तरी मुलगी घरी राहायला गेली नाही. आश्रमात डॅनिशच बोलायचे, ग्रीनलंडची भाषा बोलायची नाही, असा नियम होता. गावच्या मुलांत मिसळू देत नसत. गावाला ती परकी झाली आणि डॅनिश लोकांना ती डॅनिश कधीच वाटली नाहीत. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, असे त्या लेकरांचे झाले. पुढे त्यांतल्या अनेकांची आयुष्ये विस्कटली, कोणी दारूच्या आहारी गेले, कोणी मनाने खचले, आणि कितीतरी जण तरुणपणीच वारले.

१९५३ साली ग्रीनलंड वसाहत राहिली नाही, डेन्मार्क राज्याचा भाग झाली. १९७९ मध्ये तिला घरगुती कारभाराचा हक्क मिळाला आणि २००९ मध्ये तो वाढून तिथली भाषा हीच राज्यभाषा ठरली. पण या मुलांना आपल्यावर काय ओढवले हे कोणी सांगितलेच नव्हते. १९९६ साली टीना ब्रुल्ड या लेखिकेला जुन्या दप्तरात कागद सापडले. तिने हेलेनेबाईंना कळवले की, तुमच्यावर तो प्रयोग होता. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या! आपल्याला घरून का नेले, हे कळायला त्यांना पंचेचाळीस वर्षे लागली.

डिसेंबर २०२० मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी लेखी माफी मागितली. मार्च २०२२ मध्ये त्यांनी समोर येऊन माफी मागितली आणि प्रत्येकी अडीच लाख क्रोनर भरपाई ठरली. ती घ्यायला बावीसांपैकी सहाच जण उरले होते.

भगिनींनो, ही गोष्ट मी लिहिते त्याला एक कारण आहे. बोलपटातली परिचारिका दुष्ट नाही. निदान मला तरी ती तशी वाटली नाही. ती मुलांची नखे पाहते, अंथरूण पाहते, भले व्हावे म्हणून झटते. तिच्याकडे पाहताना मला आपलीच आठवण झाली.

तुम्हांला ठाऊक आहे, आपल्या मदतनिधीतून एका हुशार मुलीला शहरातल्या वसतिगृहात पाठवायचे आपण ठरवले. मुलगी आठ वर्षांची. तिची आई आमच्याकडे धुण्याभांड्याला येते. आपण चौघीजणी तिच्या घरी गेलो, त्यात सर्वांत जास्त मीच बोलले. मी सातवीत शाळा सोडली त्याची खंत मला अजून आहे, म्हणून माझा जीव तुटत होता. तिने मान हलवली आणि आपण समाधानाने परत आलो.

बोलपट पाहिल्यावर मी तिला एकटीला बसवले, चहा दिला आणि विचारले, "तुला मनापासून पाठवायची आहे का गं?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही चौघी दारात उभ्या राहिलात. मी नाही कसं म्हणू?"

मग हळूहळू बोलू लागली. पोर शिकावी हे तिलाही हवे आहे. पण ती जागा तिने पाहिलेली नाही. तिथे रात्री मुलींजवळ कोण असते, आजारी पडली तर निरोप कसा येणार, महिन्यातून एकदा घरी सोडतील का, हे तिला विचारायचे होते. आपण यांतले काहीच विचारले नव्हते.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या सभेला त्या बाईला बोलवावे, तिला आपल्याबरोबर सतरंजीवर बसवावे आणि आधी तिचे ऐकावे. मंडळाच्या खर्चाने तिने ती जागा पाहून यावे. त्यानंतर ती हो म्हणाली तर मुलीला आनंदाने पोचवायला मीच जाईन. ती नाही म्हणाली तर इथल्याच शाळेची वह्या-पुस्तके आपण द्यावी आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर तिचा अभ्यास घ्यावा. ग्रीनलंडच्या त्या आईने दोनदा नाही म्हटले होते. ते कोणी ऐकले असते तर एक लेकरू घरी वाढले असते.

चूकभूल द्यावी घ्यावी.