सागरी बोया तंत्रज्ञ

सागरी बोया तंत्रज्ञ म्हणजे खोल समुद्रात नांगरून ठेवलेली निरीक्षण-उपकरणे जुळवणारा, जहाजावरून पाण्यात सोडणारा, ठरावीक काळाने परत काढणारा आणि त्यांची देखभाल करणारा तांत्रिक कर्मचारी होय. भारतात हे काम मुख्यत्वे चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्यामार्फत चालते.

संज्ञा

जाळ्याला बांधलेल्या किंवा बंदरातील वाट दाखवणाऱ्या तरंगत्या वस्तूस कोळी लोक 'बोया' म्हणतात. तोच शब्द येथे उपकरणे वाहून नेणाऱ्या तरंडासाठी वापरला जातो. बोया, दोर, उपकरणे आणि तळाशी असलेले वजन या सर्व जुळणीस तंत्रज्ञांच्या बोलण्यात 'मूरिंग' असे नाव आहे. यासाठी मराठीत 'नांगरणी' हा शब्द सहज सुचतो. परंतु मराठवाड्यात नांगरणी म्हटले की जमीनच डोळ्यांपुढे येते. शेताचा आणि जहाजाचा नांगर या दोहोंना आपल्या भाषेने एकच नाव दिले आहे.

रचना

मूरिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात पिवळ्या रंगाचा मोठा बोया पृष्ठभागावर तरंगतो. त्याच्या डोलकाठीवर वारा, हवेचा दाब, तापमान व आर्द्रता मोजणारी यंत्रे, तसेच सौरपट्ट्या असतात. खालच्या तारदोरावर पाण्याचे तापमान व क्षारता नोंदवणारे संवेदक बसवतात. भारताच्या 'ओम्नी' बोयांमध्ये ही मोजणी 500 मीटर खोलीपर्यंत होते. दोराची एकूण लांबी समुद्राच्या खोलीपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे लाटा व प्रवाहांच्या ओढीने तो तुटत नाही. सैल भाग तळाशी घासू नये म्हणून खालचा दोर पाण्यात तरंगणाऱ्या जातीचा घेतात.

दुसऱ्या प्रकारात वर काहीच दिसत नाही. पाण्याखालचे तरंड दोर ताठ धरतात, त्यावर प्रवाहमापक असतात आणि वजनाच्या लगेच वर ध्वनिसंकेताने उघडणारा आकडा असतो. जहाजावरून ठरलेला संकेत पाठवला की आकडा सुटतो, वजन तळाशी राहते आणि बाकीची जुळणी वर येते.

कामाचे स्वरूप

या कामाचा मोठा भाग किनाऱ्यावरच होतो. प्रत्येक संवेदक प्रमाण उपकरणाशी ताडून पाहणे, बॅटऱ्यांचा हिशेब करणे, यंत्राचे घड्याळ लावणे आणि झाकणाखालची रबरी कडी तपासणे ही कामे सफरीआधी उरकावी लागतात. या कडीला विशेष महत्त्व आहे. 3000 मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे 300 पट असतो. कडीवर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरून यंत्र निकामी होऊ शकते.

समुद्रात सोडताना सामान्यतः बोया आधी आणि वजन शेवटी सोडतात. जहाज संथ गतीने पुढे जात असते, मागे दोर सुटत असतो आणि नियोजित जागेच्या थोडे पुढे गेल्यावर वजन सोडले जाते. कारण ते बुडताना दोराच्या ओढीने मागे सरकते. डेकवर या वेळी एकच माणूस आज्ञा देतो. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो आणि सुटणाऱ्या दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला तर माणूस समुद्रात खेचला जातो. म्हणून दोराच्या रेषेत उभे न राहणे हा येथला पहिला धडा होय.

बोया परत काढल्यावर बार्नेकल, शैवाल व शिंपले खरवडून काढावे लागतात. गंज रोखण्यासाठी बसवलेले जस्ताचे ठोकळे झिजलेले असल्यास बदलतात. त्यानंतर संवेदकांची पुन्हा पडताळणी होते, कारण त्यांची मोजणी काळाबरोबर किंचित सरकते. पृष्ठभागावरील बोया उपग्रहामार्फत माहिती पाठवत राहतो. पाण्याखालील प्रवाहमापकांची नोंद मात्र यंत्र हाती आल्यावरच वाचता येते. आकडा उघडलाच नाही, तर वर्षभराची किंवा त्याहून अधिक काळाची नोंद तळाशीच राहते.

बोयांची हानी

वादळापेक्षाही माणसांकडून होणारा उपद्रव अनेकदा अधिक त्रासदायक ठरतो. बोयाच्या सावलीत व त्यावर वाढलेल्या जीवांभोवती मासे जमतात. साहजिकच मासेमारी नौका तेथे येतात आणि बोयाला बांधल्या जातात. मग जाळी अडकतात, डोलकाठी वाकते, सौरपट्ट्या नाहीशा होतात. याकडे निव्वळ चोरी म्हणून पाहणे अपुरे आहे. वादळाचा इशारा ज्याच्यासाठी द्यायचा, त्याच मच्छीमाराला बोयाचा उपयोग ठाऊक नसेल तर तो त्याच्या दृष्टीने मासे जमण्याची एक जागाच असतो. म्हणून संबंधित संस्था किनारी गावांत स्थानिक भाषांतून प्रबोधन करतात.

भारतातील वाटचाल

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना 1 जानेवारी 1966 रोजी झाली. पश्चिम किनाऱ्यालगतच्या खंड-उतारावर, गोवा व मुंबईसमोरही, तिने प्रवाहमापक मूरिंग ठेवलेली आहेत. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 1993 मध्ये स्थापन झाली आणि 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने बंगालचा उपसागर व अरबी समुद्रात बोयांचे जाळे उभारण्यास सुरुवात केली. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर तळावरील दाब मोजणाऱ्या यंत्रांची त्यात भर पडली. त्सुनामी-इशारा केंद्र 2007 पासून हैदराबाद येथे कार्यरत आहे. 'सागर निधी' व 'सागर मंजुषा' ही या कामी वापरली जाणारी जहाजे होत.

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने

बीड शहर अरबी समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. येथील बराच पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. त्यामुळे जिल्ह्याचा संबंध जवळच्या अरबी समुद्राइतकाच दूरच्या उपसागराशी आहे. उपग्रहाला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान कळते, परंतु त्याखाली किती उष्णता साठली आहे हे पाण्यातील यंत्रेच सांगतात. नांगरलेले बोये व मुक्तपणे वाहणारे आर्गो तरंगक यांच्या नोंदी हंगामी अंदाजाच्या संगणकीय प्रारूपांसाठी वापरल्या जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत अशा प्रारूपांवर संशोधन चालते. या अंदाजांतून एका तालुक्याचा पाऊस नेमका कळत नाही. तरीही कापूस, सोयाबीन वा बाजरीची पेरणी पुढे ढकलावी की नाही, याचा विचार करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी पावसाच्या खंडाची पूर्वसूचना दुबार पेरणीचा खर्च वाचवू शकते.

प्रशिक्षण

इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत किंवा यांत्रिकी शाखेची पदविका, आयटीआय प्रमाणपत्र अथवा विज्ञान पदवी असलेले उमेदवार या कामाकडे वळू शकतात. दोराच्या गाठी, शॅकल, विंच व क्रेन यांचे ज्ञान मात्र बहुतांशी जहाजावरच, अनुभवी खलाशी व सारंग यांच्या हाताखाली मिळते. सफरी कित्येक आठवड्यांच्या असतात. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असल्याने तेथील सफरी शक्यतो पावसाळ्याच्या आधी किंवा नंतर आखल्या जातात.