जिल्हा तोच, राज्ये तीन

माणसाला बिऱ्हाड हलवायचे तर गाडी जुंपावी लागते, भांडीकुंडी बांधावी लागतात. भंडारा जिल्ह्याने मात्र आपल्या एकाही तलावाची पाळ न हलवता तीन राज्यांत संसार केला. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री इथला शेतकरी मध्य प्रदेशात झोपला आणि सकाळी मुंबई राज्यात जागा झाला. १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा झाला. शेजारच्या नागपुरातली राजधानी उठली, ती थेट समुद्रकाठी मुंबईला गेली.

हे ठरवले कोणी? १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. संसदेने ठरवले निराळेच. आपल्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. विधिमंडळाचे मत विचारायचे, पण ते बंधनकारक नाही. अमेरिकेत मात्र त्या त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपला संघ घटकराज्यांच्या करारातून जन्मलेला नाही, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते. हेच डॉ. आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढले आणि हरले.

मग राज्याच्या हाती उरते काय? पुष्कळच. जमीन आणि पाणी हे राज्याचे विषय. मालगुजारी संपवणारा १९५० चा कायदा नागपूरच्या विधानसभेने केला, आणि मालगुजारी तलाव सरकारजमा झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तोही राज्याच्याच निर्णयाने. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजची गोष्ट मिश्र आहे. त्याचे स्वामित्वधन राज्याला मिळते, पण दर केंद्र ठरवते.

राजधानी दूर गेली की आपली हाक तिथवर पोचेल का, ही धास्ती वैदर्भीयांना आधीपासूनच होती. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात खर्चाचा व नोकऱ्यांचा न्याय्य वाटा आणि नागपुरात वर्षातून एक अधिवेशन यांची हमी घेतली गेली. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद झाली. प्रत्यक्ष मंडळे आली १९९४ साली, म्हणजे करारानंतर एकेचाळीस वर्षांनी. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

दिल्ली आणि मुंबई यांच्यातली वाटणी घटनेच्या याद्यांत लिहिलेली आहे. मुंबई आणि भंडारा यांच्यातल्या वाटणीला तशी यादी नाही. तिथे दिलेल्या शब्दाची आठवण प्रत्येक पिढीला नव्याने करून द्यावी लागते.