इंग्रजी अक्षरांतील पुणे, बारामती आणि इंदापूर

पुणे हे नाव इंग्रजीत कसे लिहावे, या वादाचा सरकारी निकाल 1978 साली लागला. ‘पी’पुढे दोन ‘ओ’ मांडून सिद्ध होणारे ‘पूना’ त्या वर्षी दप्तरातून उठले आणि मराठी उच्चाराशी जुळणारे रूप तेथे बसले. परंतु याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या गावांची इंग्रजी नावे त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे सुधारली गेली होती, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पेशव्यांच्या राजधानीचे नाव अशुद्ध राहावे आणि तालुक्यातील गावाचे शुद्ध व्हावे, हे घडले तरी कसे?

कंपनीचे अंमलदार आपल्याकडे आले तेव्हा देशी नावे लिहिण्याच्या दोन रीती प्रचारात होत्या. एक गिलख्रिस्टची. तीत ऱ्हस्व अकाराला ‘यू’, ईकाराला दोन ‘ई’ आणि ऊकाराला दोन ‘ओ’ घालीत. दुसरी सर विल्यम जोन्सची. ती संस्कृत वर्णमालेच्या धोरणाने चालणारी, पण पंडितांपुरतीच राहिलेली. मुलकी कचेऱ्यांत पहिलीच चालली. प्रिंगलची जमीनधारा फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात नवी पाहणी करून जी आकारणी ठरविली, तीच पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारीचा नमुना झाली. आणि महसुलाच्या ग्रंथांतून इंदापूरचे नाव विलायतेपर्यंत पोहोचले, ते दोन ‘ओ’ घेऊनच. बारामती ज्या भीमथडी तालुक्यात होती, त्याची गत याहून वाईट. ‘ड’ इंग्रजांच्या जिभेवर ठरेना, म्हणून ‘भीमथरी’ असे रूप कागदोपत्री चढले, आणि भीमेच्या काठचे नामांकित घोडेही त्याच नावाने इंग्रजी बखरीत दौडू लागले.

1871 साली हंटरने भारतातील टपालाच्या गावांची शुद्ध नावे देणारे मार्गदर्शक पुस्तक काढले. जोन्सचीच रीत थोडी सोपी करून त्याने मांडली व सरकारने ती स्वीकारली. मात्र तिला एक मोठा अपवाद होता. जी नावे इंग्रजीत रूढ होऊन बसली होती, त्यांना हात लावावयाचा नाही! मुंबई, कलकत्ता, पुणे ही प्रसिद्धीमुळे वाचली, किंवा खरे म्हणजे बुडाली. लहान गावांस कोणी वाली नव्हता, म्हणून त्यांना शुद्धी मिळाली. 1885 साली कँबेलच्या संपादनाखाली निघालेल्या गॅझेटियरचा या जिल्ह्यावरील खंड उघडून पाहावा. मुखपृष्ठावर ‘पूना’ तसेच आहे, आणि आत बारामती व इंदापूर यांच्या दीर्घ अकारांवर मात्र काळजीपूर्वक तिरप्या रेघा दिल्या आहेत.

त्या रेघा पुढे फलकांवरून आणि शिक्क्यांवरून गळाल्या. बारामतीच्या इंग्रजी नावात तीन ‘ए’ उरले. पहिले दोन दीर्घ व तिसरा ऱ्हस्व, हे सांगणारे काहीच राहिले नाही. ‘ती’ की ‘टी’ हेही परक्याला कळेना. याच गावी मोरोपंतांनी (1729–1794) आपले आयुष्य मात्रा मोजण्यात घालविले, त्यांचे ‘आर्याभारत’ मात्रांच्या हिशेबावर उभे आहे, आणि त्यांच्याच गावाच्या नावाला इंग्रजीत मात्रा नाही! इंदापुराचीही तीच कथा. जुन्या लेखनातील दोन ‘ओ’ ओबडधोबड खरे, पण ‘पू’ दीर्घ आहे एवढे तरी ते सांगत. सुधारणेत तेही गेले. तेव्हा जुने ते सारे अशुद्ध, असे मला म्हणवत नाही.

रेल्वेने आणखी एक घोटाळा केला. 1914 साली बारामतीस अरुंद मापाची गाडी आली ती दौंडहून. परंतु इंग्रजीत त्या जंक्शनाचे नाव ‘धोंड’ असे लिहीत. आरंभीच्या ‘द’ला नसलेला हकार चिकटला आणि औकाराचा ओकार झाला. फलकावर दौंड येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

सारा दोष साहेबाच्या माथी मारणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1870 साली स्थापन झालेली सार्वजनिक सभा इंग्रजीत स्वतःस ‘पूना’चीच म्हणवीत असे, आणि 1881 साली टिळक-आगरकरांच्या मंडळीने इंग्रजी साप्ताहिक काढले तेही ‘मराठा’ या शब्दाच्या ग्रँट डफी वळणानेच. शिवाय आपल्या लिपीत तरी नाव कोठे स्थिर होते? राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत ‘पुण्य’ आणि ‘पूनक’ अशी रूपे आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘पुणें’ असे अनुस्वार देऊन लिहिले. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि कोणी हळहळले नाही. आणि नवे इंग्रजी रूप तरी निर्दोष आहे काय? अंती ‘ई’ पाहून परका वाचक ते ‘ट्यून’च्या चालीवर ‘प्यून’ असे वाचतो. जुन्या ‘पूना’ने निदान दोन अक्षरे तरी उच्चारली जात.

मग लिहिणाराने काय करावे? आज आपण लिहू तेथे आजचेच रूप हवे. 1932 च्या कराराचे इंग्रजी नाव मात्र त्या काळचेच ठेवावे; तो कागद त्याच नावाने झाला आहे. अभ्यासकाला तर सर्वच रूपे पाठ असावी लागतात. आपल्या गावच्या जमिनीची पहिली आकारणी शोधू पाहणारा इंदापूरचा मनुष्य इंग्रजी सूचीत शुद्ध रूपच धुंडीत बसला, तर जुन्या पाहणीचे कागद त्याच्या हाती लागणार नाहीत. दोन ‘ओ’ घालून पाहिल्यावर ते सापडतात. आणि शुद्ध रूपाने शोधता शोधता तो कदाचित रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील इंदापुरात जाऊन पोहोचेल. त्या गावाचे इंग्रजी नाव अक्षरशः हेच आहे.