पुण्याजवळ घडवलेले नाक

१७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका मराठी माणसाचे चित्र छापून आले. तो राजा नव्हता, सरदारही नव्हता. इंग्रज फौजेत बैल हाकणारा तो एक साधा गाडीवान होता. चित्र छापण्याचे कारण त्याचे नाक.

त्याचे नाव कावसजी. नाव ऐकून पारशी वाटते. पण चित्रासोबतच्या पत्रात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७९२ साली, तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापणे ही केवळ इजा नव्हती. ‘नाक कापले गेले’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आजही जिवंत आहे, त्यावरून त्या शिक्षेचा रोख ध्यानात येईल.

वर्षभराहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले.

पद्धत अशी होती. मेणाची पातळ पट्टी तुटलेल्या नाकावर बसवून आकार घ्यायचा. ती सपाट करून कपाळावर ठेवायची, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी त्वचा सोडवून घ्यायची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा पूल राखून ठेवायचा. सगळे मर्म या पुलात आहे. त्यातून रक्त वाहत राहते, म्हणूनच सुटलेली त्वचा मरत नाही. नाकाच्या जुन्या व्रणाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या, कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि भोवतीच्या चिरेत तिची कड बसवायची. वर पाण्यात भिजवलेला कात लावलेल्या पाच-सहा कापडी पट्ट्या. कात म्हणजे पानात घालतो तोच. तो आपल्या भंडारा-गोंदियाच्या रानातल्या खैरापासूनही निघतो. चार दिवसांनी तुपात बुडवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी, खालून नवे रक्त मिळू लागल्यावर, पूल कापायचा. हे सर्व भूल न देता. ईथरच्या भुलेला अजून अर्धशतक अवकाश होता.

मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज वैद्य या शस्त्रक्रियेचे साक्षीदार म्हणून पत्रात नमूद आहेत. कावसजीचे चित्र पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले. पत्राखाली ‘बी. एल.’ अशी सही आहे. नाव नाही ते फक्त नाक घडवणाऱ्याचे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ही सारी सुश्रुताची विद्या असे आपण झटकन म्हणून मोकळे होतो. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचा विधी आहेच. परंतु तेथे माप झाडाच्या पानाने घेतले जाते, त्वचा गालाची वापरली जाते आणि नाकपुड्यांत नळ्या बसवल्या जातात. पुण्यात मेण होते आणि कपाळ होते. मधल्या शतकांत कोणीतरी, बहुधा अनेकांनी, ही रीत बदलली आणि सुधारली. ती सुधारणा ग्रंथात नव्हे, हातात राहिली. त्या निनावी हातांचे श्रेय ग्रंथाच्या नावे जमा करणे मला न्याय्य वाटत नाही.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने आधी मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याचा दुसरा रुग्ण लेथम. १८११ च्या अल्बुएराच्या लढाईत पलटणीचे निशाण वाचवताना तलवारीच्या घावांनी त्याचे नाक आणि एक हात गेला होता; कावसजीसारखेच. कार्प्यूने १८१६ साली दोन्ही हकिकती पुस्तकरूपाने छापल्या.

अपघातात किंवा हल्ल्यात नाकाचा मोठा भाग गेला, की प्लास्टिक सर्जन आजही कपाळाचीच त्वचा खाली वळवतात. मापासाठी मेणाऐवजी पुष्कळदा टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चकचकीत कागद वापरतात, आणि पूल साधारण तीन आठवड्यांनी कापतात.