विम्पोल स्ट्रीटवरची अंधारी खोली

१८४३ सालचा उन्हाळा. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या ५० नंबरच्या घरात जिने चढून तुम्ही मागच्या खोलीपाशी येता. दार हळूच लोटा. बाहेर ऊन असलं तरी आत अंधारच आहे. होमर आणि चॉसरचे अर्धपुतळे, पुस्तकंच पुस्तकं, आणि सोफ्यावर पडून असलेली ३७ वर्षांची कवयित्री एलिझाबेथ बॅरेट. पायाशी फ्लश नावाचा कुत्रा. अफूच्या अर्काशिवाय तिला झोप लागत नाही. तीन वर्षांपूर्वी तिचा लाडका भाऊ टॉर्कीच्या समुद्रात बुडाला. तो तिथे राहिला होता तो तिच्याच हट्टापायी. तेव्हापासून ती फारशी बाहेर पडत नाही.

जवळ जा. ती काय वाचते आहे पाहा: बालमजुरी चौकशी आयोगाचा अहवाल. तिचा मित्र रिचर्ड हॉर्न या आयोगासाठी वुल्व्हरहॅम्प्टनकडच्या कारखान्यांत हिंडला, कुलपं-खिळे घडवणाऱ्या पोरांशी बोलला. खाणींत तर पाच-सहा वर्षांची मुलं काळोखात दोरी धरून बसत, कोळशाची गाडी आली की दार उघडायला. दिवसाचे बारा-बारा तास.

काळोख तिच्याही ओळखीचा आहे. पण तिच्या काळोखात शेकोटी आहे, दिमतीला नोकर आहेत, आणि त्यामागे जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, गुलामांनी घाम गाळून मिळवून दिलेला पैसा आहे. तो तिला बोचतो.

या मुलांवर तिने एक कविता लिहायला घेतलीय. पहिलं कडवं वावटळीसारखं आलं, मग बाकीची त्याच चालीत बसवावी लागली, असं ती पुढे सांगेल. या कवितेत मुलं स्वतः बोलतात. मेलेल्या मैत्रिणीचा त्यांना हेवा वाटतो, कारण तिला आता कुणी कामाला उठवत नाही. हे वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो.

दीड वर्षाने कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं पत्र येईल. १८४६मध्ये ती त्याच्याशी गुपचूप लग्न करून इटलीला जाईल आणि वडील पुन्हा कधी तिचं तोंड पाहणार नाहीत. जग तीच प्रेमकथा घोळवत बसेल. मला हा तिच्यावर अन्याय वाटतो. मोठी कवयित्री या खोलीत आधीच होती, कुणी येऊन सोडवण्याआधीच.

या कवितेच्या पुढच्या वर्षी नवा कायदा कापडगिरण्यांतल्या १३ वर्षांखालच्या मुलांचं काम साडेसहा तासांवर आणेल. त्यासाठी लॉर्ड ॲश्लीसारखी माणसं संसदेत वर्षानुवर्षं झगडत होती. श्रेय एका कवितेचं नाही. पण सुखवस्तू घरांत वाचल्या जाणाऱ्या ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात या मुलांचा आवाज पोचवला तो तिने.

निघा आता. ऑगस्टच्या अंकासाठी तिला कविता पुरी करायची आहे.