सहा घाट आणि एक तुटका क्रँकशाफ्ट

१९०८ साली मुंबई ते कोल्हापूर मार्गावर मोटारींची एक कसोटी झाली. सहा घाटांसह सुमारे ६२० मैलांची ही धाव एका रोल्स-रॉइसने बिघाडापायी एकदाही न थांबता पुरी केली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ती गाडी पुढे ओळखली गेली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. आपल्याकडे मोटारीचा इतिहास बहुधा इथेच सुरू होतो आणि इथेच संपतो: संस्थानिक, चांदीचा वर्ख, छायाचित्र. ही गाडी थरथरत का नव्हती, हा प्रश्न आपण विचारत नाही.

तो प्रश्न मला सुचला त्याला कारण वऱ्हाड आहे. अकोला-अमरावतीकडे जिन-प्रेसच्या आवाजात जे वाढले, त्यांना यंत्राचा आवाज म्हणजे एक भाषाच वाटते. फिटर लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून ऐके. खडखड निराळी, घरघर निराळी, थरथर त्याहून निराळी. पाठ्यपुस्तकी मराठीने या सगळ्यांना 'कंपन' हा एकच शब्द दिला आणि निदानाची अर्धी सामग्री गमावली.

आता मूळ गोष्ट. फ्रेडरिक हेन्री रॉइस हा रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, मँचेस्टरला विजेची उपकरणे बनवणारा माणूस. त्याची पहिली दोन सिलिंडरची मोटार १९०४ मध्ये धावली. १९०५ मध्ये त्याने सहा सिलिंडरची, ३० अश्वशक्तीची गाडी काढली, आणि तिथे तो फसला. दोन-दोन सिलिंडरचे तीन संच एकापुढे एक ठेवल्याने क्रँकशाफ्ट लांब झाला. प्रत्येक स्फोटासरशी असा शाफ्ट किंचित पिळतो आणि उलट सुटतो. एरवी हे जाणवत नाही. पण एका ठराविक वेगाला स्फोटांचा ताल आणि शाफ्टचा स्वतःचा झोका जुळतात. मग झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का द्यावा तसा पीळ वाढत जातो, गाडी थरथरते, धातू थकतो, आणि अखेरीस शाफ्ट तुटतो. गिऱ्हाइकांना विकलेल्या गाड्यांचे शाफ्ट तुटले. दोष लोखंडात शोधणे सोपे होते. तो मांडणीतच होता.

१९०६ च्या अखेरीस लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात आलेली ४०/५० ही त्या अपयशाची दुरुस्ती होती. तीन-तीन सिलिंडरचे दोन संच, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तसे. जाड शाफ्ट, त्याला सात बेअरिंगांचा आधार. पुढे शाफ्टच्या पुढच्या टोकाला घर्षणाने सरकणारे छोटे चाकही आले, पिळाची शक्ती गिळून टाकणारे. घाट चढलेली गाडी या ४०/५० कुळातलीच होती. तिचे प्रसिद्ध मौन ही जन्मजात खानदानी नव्हती. ते तुटलेल्या शाफ्टांचे फलित होते.

गिअरबॉक्सची कथा याहून कमी गौरवाची आहे. आरंभी चार गिअर होते; त्यांतला तिसरा थेट आणि म्हणून शांत, तर चौथ्यात शक्ती दात्यांच्या जादा जोड्यांतून जाई. १९०९ पासून तीनच गिअर ठेवले गेले. सपाट रस्त्यांवर खपून गेले. पण १९१२ च्या आल्प्समधील शर्यतीत, ऑस्ट्रियातील काट्शबर्ग घाटात, जेम्स रॅडलीची गाडी चढावर थांबली ती पुन्हा निघेना. पहिला गिअर त्या चढाला पुरेसा 'जड' नव्हता. १९१३ मध्ये चार गिअर परत आले. कारखान्याने टाकून दिलेली गोष्ट घाटाने परत मागून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या कसोटीचे स्मरण करताना मला त्याच जिल्ह्यातली दुसरी गाडी आठवते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतः घडवली; पहिली १९४९ मध्ये, आणि त्यानंतर सुधारलेल्या आवृत्त्या १९७० च्या दशकापर्यंत. ही अर्थात श्रीमंती मोटार नव्हे, आणि तुलना विषम आहे हे मान्य. परंतु रीत तीच: बनवायचे, चालवून पाहायचे, बिघडेल ते उकलून पुन्हा बनवायचे. रॉइसच्या मागे विकणारा रोल्स आणि कारभार सांभाळणारा क्लॉड जॉन्सन उभे होते. तुटलेल्या शाफ्टांची किंमत सोसणारी पेढी होती. म्हणूनच ३० अश्वशक्तीची फसलेली गाडी आज इतिहासात 'टप्पा' म्हणून नोंदली जाते. 'मीरा' उत्पादनापर्यंत पोहोचली नाही, म्हणून तिच्या सगळ्या आवृत्त्या मिळून एक 'अपूर्ण प्रयत्न' ठरल्या, आणि तिच्याविषयी लिहिताना आपण जिद्दीचे कौतुक करतो, इंजिनाबद्दल एक वाक्य लिहीत नाही.